मुलाच्या अंगणात गेलेली शाळा : अनुताई वाघ यांचे स्मरण

वडोदऱ्याहून मुंबईस जाणारी गाडी वापी आणि संजाण मागे टाकून उंबरगावच्या पुढे गेली की गुजरातची हद्द संपते. उजव्या हाताला समुद्राच्या अंगाने ताडांची बने आणि चिकूच्या वाड्या दिसतात, डाव्या हाताला पूर्वेकडे सह्याद्रीच्या दिशेने चढत जाणाऱ्या टेकड्या दिसू लागतात. घोलवड येते, डहाणू येते आणि मागे पडते. जलद गाडी तेथे फारशी रेंगाळत नाही आणि प्रवासीही बहुधा वर्तमानपत्रात किंवा डुलकीत असतात. आपल्यापैकी बहुतेकांनी हा प्रवास कितीतरी वेळा केला असेल. परंतु पश्चिमेला समुद्रकाठचे बोर्डी आणि पूर्वेला कोसबाडची टेकडी यांमधल्या या लहानशा टापूत एका प्राथमिक शिक्षिकेने आपल्या आयुष्याची सत्तेचाळीस वर्षे वेचली, याची आठवण किती जणांना होत असेल, कोण जाणे! अनुताई वाघ हे त्यांचे नाव. ग्रंथालयाच्या शताब्दीच्या निमित्ताने ज्ञानप्रसाराच्या कार्याचे स्मरण करावयाचे, तर शिक्षणाच्या अगदी पहिल्या पायरीवर उभ्या राहिलेल्या या बाईंचे स्मरण अगत्याने केले पाहिजे.

वडोदऱ्याच्या मराठी माणसाला शिक्षणाच्या इतिहासाचा अभिमान असणे स्वाभाविक आहे. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग आरंभला आणि १९०६ साली तो संपूर्ण राज्यास लागू केला. हे शिक्षण मोफत होते, सक्तीचे होते, आणि मुलास शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दंड भरावा लागत असे. नामदार गोखले यांनी १९११ साली मध्यवर्ती कायदे कौन्सिलात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा त्यांच्यासमोर बडोद्याचे उदाहरण होते. गोखल्यांचे विधेयक नामंजूर झाले, आणि एका देशी संस्थानाने केलेले कार्य ब्रिटिश हिंदुस्थानात होण्यास पुढे अनेक वर्षे जावी लागली. हा इतिहास आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

परंतु सक्तीच्या कायद्यामागे एक गृहीत असते. शाळा आपल्या जागी सिद्ध आहे, मुलाने तेथे यावयाचे आहे, आणि तो आला नाही तर दोष पालकाचा किंवा मुलाचा आहे, असे ते गृहीत. जेथे पालकाच्या घरात दोन वेळची चूल पेटते आणि शाळेची भाषा घरच्या भाषेच्या जवळची असते, तेथे हे गृहीत बऱ्याच अंशी चालून जाते. जेथे यांपैकी काहीच नाही, तेथे काय करावयाचे? दंड कोणाकडून आणि कशातून वसूल करावयाचा? या प्रश्नाचे उत्तर कायद्याजवळ नव्हते. ते शोधण्याचे काम अनुताईंच्या वाट्यास आले. मूल शाळेत येत नसेल, तर शाळेत काय चुकते आहे ते आधी पाहावे, हा त्यांच्या जीवनकार्याचा गाभा होय.

अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० रोजी पुणे जिल्ह्यातील मोरगाव येथे झाला. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे वयाच्या तेराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले, आणि सहा महिन्यांच्या आतच त्यांना वैधव्य आले. संसार म्हणजे काय हे कळण्यापूर्वीच तो संपला. मुलींच्या विवाहाचे किमान वय चौदा वर्षे ठरविणारा शारदा कायदा संमत झाला तो १९२९ साली. तोपर्यंत अशा किती मुलींचे बालपण अंधाऱ्या माजघरात विरून गेले, त्याची गणती नाही. अनुताईंचे तसे झाले नाही, याचे कारण त्यांचे शिक्षण पुढे चालू राहिले. १९२५ साली त्या व्हर्नाक्युलर फायनल परीक्षा उत्तीर्ण झाल्या आणि पुण्यास अध्यापिकांच्या प्रशिक्षण महाविद्यालयात दाखल झाल्या. १९२९ साली हे प्रशिक्षण पूर्ण झाले. शारदा कायद्याचे हेच वर्ष. ज्या मुलीला कायदा उशिरा पोहोचला, ती त्याच वर्षी शिक्षिका म्हणून स्वतःच्या पायावर उभी राहिली.

येथे एका गोष्टीची नोंद केली पाहिजे. महाराष्ट्रातील स्त्रीशिक्षणाच्या पहिल्या काही पिढ्यांत प्राथमिक शाळांतून शिकविणाऱ्या बायकांत तरुण विधवांची संख्या लक्षणीय होती. १८९६ साली निघालेला अण्णासाहेब कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम, १९०९ साली रमाबाई रानडे यांनी पुण्यात उभे केलेले सेवासदन, सरकारी प्रशिक्षण महाविद्यालये, या साऱ्यांतून शिकून बाहेर पडलेल्या या बायका खेडोपाडी शाळा चालवू लागल्या. घराने ज्यांना कोपरा दिला, त्यांना शाळेने खुर्ची दिली. या स्त्रियांपैकी बहुतेकींची नावे आज कोणास ठाऊक नाहीत. एखाद्या जुन्या हजेरीपटावर वळणदार मोडीत किंवा बाळबोधीत केलेली सही एवढीच त्यांची खूण उरली असेल. अनुताईंचे स्मरण करताना या अनामिक भगिनींचेही स्मरण आपोआप घडते.

प्रशिक्षणानंतर चार वर्षे अनुताईंनी नाशिक जिल्ह्यात चांदवड भागात शिक्षिकेचे काम केले. १९३३ साली त्या पुण्यास हुजूरपागेत आल्या आणि पुढील अकरा-बारा वर्षे त्यांनी तेथे अध्यापन केले. हुजूरपागा म्हणजे १८८४ पासून चालत आलेली, मुलींच्या शिक्षणात मानाचे स्थान असलेली शाळा. तेथे शिक्षिका होणे ही प्रतिष्ठेची गोष्ट होती. दिवसा शिकवावे आणि रात्रशाळेत जाऊन स्वतः शिकावे, असा क्रम त्यांनी ठेवला व १९३७ साली त्या मॅट्रिक झाल्या. दिवसा जी बाई फळ्यापाशी उभी असे, तीच रात्री बाकावर बसत असे. शिकविणाऱ्याने शिकणे थांबवू नये, हा धडा त्यांनी कोणाला तोंडाने दिला असेल वा नसेल, आचरणाने मात्र नित्य दिला.

आता या कथेत दुसऱ्या एका कर्तबगार स्त्रीचा प्रवेश होतो आणि तिच्याबरोबर गुजरातचाही. ताराबाई मोडक या अनुताईंहून अठरा वर्षांनी वडील. त्यांचा जन्म १८९२ चा, मुंबईचा. त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर होत्या. राजकोटच्या बार्टन महिला प्रशिक्षण महाविद्यालयात त्यांनी प्राचार्यपद भूषविले आणि १९२३ साली त्या भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत दाखल झाल्या. नानाभाई भट्ट यांनी स्थापन केलेल्या या संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर सुरू केले होते. गिजुभाई मूळचे वकील. मुलांसाठी त्यांनी वकिली सोडली. गुजराती घराघरांतून मिशाळ आई म्हणून ज्यांना ओळखले गेले, त्या या माणसाजवळ ताराबाई बालशिक्षण शिकल्या. माँटेसोरी पद्धतीचे तत्त्व घ्यावे, परंतु तिला आपल्या मातीचे रूप द्यावे, ही गिजुभाईंची दृष्टी. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. शिक्षणपत्रिकेची मराठी आवृत्ती ताराबाईंनी पुढे चालविली. भावनगर सोडून मुंबईस आल्यावर दादरला १९३६ साली त्यांनी शिशुविहार काढले. बालशिक्षणाचा हा प्रवाह गुजरातेतून मराठीत आला, हे आपण वडोदरेकरांनी विशेष ध्यानात ठेवावे. दोन भाषांच्या शेजारातून काय निपजू शकते, त्याचा हा एक पुरावाच आहे.

दादरच्या शिशुविहारात येणारी मुले मध्यमवर्गातील होती. नीटनेटके कपडे, घरी पुस्तके, जाणते पालक. ताराबाईंच्या मनाला ही गोष्ट टोचू लागली होती. खेड्यातील, त्यातही सर्वांत मागे राहिलेल्या मुलापर्यंत बालशिक्षण पोहोचत नसेल, तर ते श्रीमंतांचे खेळणे होऊन बसेल, असे त्यांना वाटू लागले. गांधीजींच्या विचारांचा प्रभावही होताच. ठाणे जिल्ह्यात बाळासाहेब खेर आणि बोर्डीच्या हायस्कुलाचे आचार्य भिसे यांच्यासारखी मंडळी आदिवासींच्या सेवेत होती. ताराबाईंनी बोर्डीची निवड केली आणि त्या सोबतीच्या शोधात राहिल्या. १९४५ साली बोरिवली येथे कस्तुरबा न्यासाच्या वतीने ग्रामसेविकांचे शिबिर भरले होते. अनुताई तेथे गेल्या होत्या. तेथे दोघींची गाठ पडली. पुण्यातील स्थिर, मानाची नोकरी सोडून वयाच्या पस्तिसाव्या वर्षी अनुताई बोर्डीस निघाल्या.

त्या ज्या भागात निघाल्या होत्या, तेथे ते वर्ष साधे नव्हते. डहाणू-उंबरगावच्या जंगलपट्टीतील वारली समाज सावकार, जमीनदार आणि जंगलाचे ठेकेदार यांच्या कचाट्यात पिढ्यान्‌पिढ्या पिचत आला होता. लग्नासाठी घेतलेल्या थोड्याशा कर्जापायी नवराबायको दोघांनी सावकाराच्या घरी राबावयाचे, अशी लग्नगड्याची रीत होती, वेठ होती, मारहाण तर नित्याची. १९४५ च्या मे महिन्यात झरी येथे हजारो वारली एकत्र आले आणि वेठ करावयाची नाही, असा त्यांनी निश्चय केला. त्याच वर्षी ऑक्टोबरात तलवाडा येथे जमावावर गोळीबार होऊन माणसे दगावली. गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात हा इतिहास लिहून ठेवला आहे. अशा त्या प्रक्षुब्ध वर्षात, त्याच प्रदेशाच्या एका टोकाला दोन शहरी बायका मुलांसाठी शाळा काढण्यास आल्या होत्या. एका चळवळीने मोठ्यांची मान ताठ केली. दुसऱ्या, अगदी शांतपणे चाललेल्या कामाचा हेतू मुलांची मान मुळातच वाकू नये, हा होता.

बोर्डीस ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले. आरंभीचा अनुभव मात्र निराशेचा होता. बालवाडी मांडली होती, साधने होती, शिकविण्यास निष्णात बाई होत्या; परंतु ज्या वस्त्यांतील मुले यावीत म्हणून हा खटाटोप केला, तेथील मुले येईनात. बोलावून आणलेले मूल दुसऱ्या दिवशी दिसत नसे. आईबाप पहाटे कामावर जात. थोरल्या मुलीच्या कडेवर धाकटे भावंड असे आणि मुलगे शेळ्या-गुरांमागे जात. ज्या मुलाच्या पोटात काही नाही, अंगावर धड वस्त्र नाही आणि ज्याला गावातल्या लोकांनी आजवर हुसकावूनच लावले आहे, ते मूल गावातल्या स्वच्छ खोलीत पाऊल टाकावयास बिचकते, यात नवल काय?

येथे सामान्य शिक्षक काय म्हणाला असता, हे आपण सारे जाणतो. या लोकांना शिक्षणाची आवडच नाही, असा शेरा हजेरीपटाच्या समासात पडला असता आणि विषय संपला असता. असा शेरा शाळांतून आजही पडतो. तो देणारा शिक्षक वाईट असतो असे नाही. आपल्या पद्धतीवर त्याचा विश्वास असतो, इतकेच. अनुताईंचा अधिकार तर मोठा होता. सोळा वर्षांचा अनुभव त्यांच्या गाठी होता आणि नामांकित शाळेत त्या नावाजल्या गेल्या होत्या. तरीही मुलांपुढे हा अधिकार त्यांनी बाजूस ठेवला. मूल बालवाडीत येत नाही, तर बालवाडी मुलाकडे न्यावी, असे ताराबाईंनी आणि त्यांनी ठरविले. ज्या झोपड्यांतून मुले येत नव्हती, त्याच झोपड्यांपुढील अंगणात शाळा भरू लागली. ती अंगणातली बालवाडी, म्हणून अंगणवाडी.

या अंगणवाडीचा पहिला पाठ अक्षरांचा नव्हता. मुलांना आंघोळ घालणे, डोकी धुणे, केस विंचरणे, नखे काढणे येथपासून काम सुरू झाले. खरुज-नायट्यांनी भरलेली अंगे अनुताईंनी आपल्या हातांनी धुतली. अस्पृश्यता आणि सोवळेओवळे घरोघर पाळले जाण्याचा तो काळ. त्यांचे स्वतःचे बालपण त्याच चौकटीत गेलेले. शहाण्णव पानांच्या पुस्तकात जे सांगता येत नाही, ते एका आंघोळीत त्या मुलाला कळत असे. आपण शिवून घेण्याजोगे आहोत, हे त्याला प्रथमच उमगत असे. त्यानंतर गाणी, गोष्टी, खेळ. मग मोजणे आणि मग यथावकाश अक्षरे.

साधनांचा प्रश्न असाच सुटला. माँटेसोरीबाईंची मूळ साधने महागडी आणि आखीव. ती या वस्तीत आणणार कोठून आणि आणली तरी मुलांना ती परकीच वाटणार. मग चिंचोके आले, शिंपले आले, दगडगोटे, पाने, बिया, काड्या आणि माती आली. लहान-मोठे, खरखरीत-गुळगुळीत, जड-हलके हे भेद शिकविण्यास समुद्राने आणि रानाने पाठविलेला हा साठा पुष्कळ होता. वारली मूल पाने ओळखण्यात, पाखरांचे आवाज ओळखण्यात गुरुजींपेक्षाही तरबेज असते. त्याला जे येते तेथून आरंभ केला की ते घाबरत नाही, उलट सांगू लागते. एकदा मूल सांगू लागले की निम्मे काम झाले, हे प्राथमिक शिक्षकाला वेगळे सांगावे लागत नाही.

भाषेची गोष्ट तर आपल्याला विशेष जवळची वाटावी. वारली मुले जी बोली बोलतात, तिच्यात मराठी आणि गुजराती दोन्हींचे रंग मिसळलेले आहेत. पाठ्यपुस्तकातील प्रमाण मराठी त्यांना जवळजवळ परभाषाच. मास्तरांना मुलाचे बोलणे अशुद्ध वाटे आणि मुलाला मास्तरांचे बोलणे कळत नसे. अनुताईंनी मुलांचे शब्द आधी स्वतः आत्मसात केले, मुलांशी त्याच शब्दांत बोलणे केले आणि तेथून हळूहळू पुस्तकी भाषेपर्यंत वाट काढली. आपली मुले घरी मराठी बोलतात आणि शाळेत गुजराती किंवा इंग्रजी शिकतात. घरची जीभ आणि शाळेची जीभ निराळी असली म्हणजे पहिल्या इयत्तेतील मूल कसे मुके होते, हे वडोदऱ्यातील मराठी आईला समजावून द्यावे लागणार नाही. मात्र आपल्या मुलाच्या पाठीशी शिकलेले घर असते. वारली मुलाच्या पाठीशी कोणी नव्हते.

१९५७ साली संस्थेचे मुख्य काम बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर हलविण्यात आले. आदिवासी पाडे तेथून जवळ होते. येथे ‘विकासवाडी’ आकारास आली. थोरली बहीण शाळेत येत नाही कारण तिच्या कडेवर मूल आहे, हा बोर्डीचा अनुभव होता. त्यावर उपदेश करण्याऐवजी अनुताईंनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणल्या. बहिणीने भावंडाला घेऊनच यावे, त्याला पाळणाघरात ठेवावे आणि आपण वर्गात बसावे. मधूनच ते रडले तर जाऊन पाहून यावे. सोपी वाटणारी ही व्यवस्था शाळेचे वेळापत्रक, भिंती आणि शिस्त यांच्या रूढ कल्पनांना धक्का देणारी होती. पाळण्यातल्या तान्ह्यापासून चौथीच्या मुलापर्यंतची सलग वाढ एकाच जागी पाहता येते, हा तिचा आणखी एक लाभ.

तरीही काही मुले सुटतच होती. गुरे राखणारा मुलगा सकाळी निघतो तो सांजवेळी परततो. त्याची मजुरी म्हणजे घरातील एका माणसाचे पोट. त्याला शाळेत ओढले तर घरातील एक भाकरी कमी होणार. अनुताई त्याच्यामागे कुरणात गेल्या. गुरे चरत आहेत, जवळच झाडाखाली मुले बसली आहेत आणि शिकणे चालले आहे, अशी ही ‘कुरणशाळा’. ज्यांना दिवसभर सवडच नाही, अशांसाठी रात्रीचे वर्ग निघाले. अंगण, कुरण आणि रात्र! शाळेने सोडलेली प्रत्येक जागा आणि प्रत्येक वेळ त्या बाईंनी शाळेसाठी मागून घेतली.

या साऱ्या काळात त्यांची स्वतःची विद्यार्थिदशाही चालूच होती. कामाच्या रगाड्यातून अभ्यास करून १९६१ साली, वयाची पन्नाशी उलटल्यावर, त्या बी. ए. झाल्या. पदवीचा नोकरीसाठी उपयोग करण्याचे वय केव्हाच मागे पडले होते. ताराबाई आणि अनुताई यांचे नातेही सांगण्याजोगे आहे. ताराबाई विचारवंत, योजक, संस्था उभी करणाऱ्या. अनुताई त्या विचाराला रोजच्या व्यवहारात उतरविणाऱ्या. स्वतःला त्या अखेरपर्यंत ताराबाईंची शिष्या समजत आल्या. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले. १९७३ साली त्या निवर्तल्या आणि संस्थेची सारी धुरा अनुताईंच्या खांद्यावर आली. गुरूच्या मागे काम थांबले नाही, उलट ते विस्तारले. बालवाडीच्या शिक्षिका घडविण्याचे वर्ग चालले. ज्यांनी एकेकाळी शाळेचे तोंड पाहिले नव्हते, त्या समाजातील मुलीही शिक्षिका म्हणून उभ्या राहिल्या. स्त्रियांच्या जागृतीचे कार्य अनुताईंनी हाती घेतले. १९८२ साली, सत्तरी ओलांडल्यानंतर, रमेश पानसे यांच्यासह त्यांनी ‘ग्राममंगल’ ही संस्था स्थापन केली आणि डहाणू तालुक्यातील दाभोणच्या जंगलभागात नवे काम मांडले. लोक विश्रांती घेतात त्या वयात या बाई आणखी आतल्या रानात शिरल्या.

‘कोसबाडच्या टेकडीवरून’ या पुस्तकात त्यांनी आपल्या कामाचा वृत्तान्त लिहिला आहे. ग्रंथालयाच्या सभासदांनी तो अवश्य वाचावा. बालवाडी चालविणाऱ्यांसाठी आणि मुलांसाठीही त्यांनी विपुल लिहिले. १९८५ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली. मानसन्मान आले, परंतु मुक्काम हलला नाही. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्यांचे निधन झाले.

येथे लेख संपविणे सोपे होते. परंतु इतिहास लिहावयाचा तर पुढचेही सांगितले पाहिजे. १९७५ साली, २ ऑक्टोबर रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना आरंभली. सुरुवातीस तिचे तेहतीस प्रकल्प होते. लहान मुलांचा आहार, आरोग्य आणि शिक्षण एकत्र पाहणाऱ्या या योजनेच्या केंद्रांना नाव मिळाले ‘अंगणवाडी’. बोर्डीच्या झोपड्यांपुढे जन्मास आलेला शब्द देशभर, निरनिराळ्या भाषांतून रूढ झाला. शब्द मात्र विचारापेक्षा वेगाने प्रवास करतात. अनुताईंचे निधन झाले त्याच सुमारास जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे कुपोषणाने मुले दगावल्याच्या बातम्यांनी महाराष्ट्र हादरून गेला. जव्हार काही कोसबाडहून परदेशात नाही. तेव्हा तो एकच ठाणे जिल्हा होता आणि २०१४ पासून दोन्ही पालघर जिल्ह्यात आहेत. सत्तेचाळीस वर्षांच्या तपश्चर्येनंतरही शेजारच्या तालुक्यात मुले भुकेने मरत होती. याचा अर्थ अनुताईंचे काम व्यर्थ गेले, असा कोणी काढू नये. एक शिक्षिका किती करू शकते आणि तिच्यामागे समाज व शासन उभे राहिले नाही तर किती राहून जाते, याचा तो हिशेब आहे. पोट, औषध आणि अक्षर या तीन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत, हे त्या पहिल्या दिवसापासून जाणत होत्या. म्हणूनच त्यांच्या शाळेचा आरंभ आंघोळीपासून झाला.

ग्रंथालयाच्या इतिहासातही अशीच एक गोष्ट आहे. १९१० साली सयाजीराव महाराजांनी अमेरिकेहून विल्यम बोर्डन यांस आणून राज्यात ग्रंथालयांची मांडणी केली, तेव्हा थोर इमारतींबरोबरच फिरत्या ग्रंथपेट्याही निघाल्या. वाचक शहरापर्यंत येऊ शकत नाही, म्हणून पुस्तकांची पेटी खेड्यात जाऊ लागली. पेटीमागचा विचार आणि अंगणवाडीमागचा विचार एकच आहे. ज्ञान ज्याच्या हाती आहे त्याने दार उघडे ठेवले म्हणजे त्याचे कर्तव्य संपले, असे नाही. दाराबाहेर जो उभाही राहिलेला नाही, त्याच्यापर्यंत चालत जाणे हाही त्या कर्तव्याचाच भाग आहे.

आज आपल्या ग्रंथालयात तरुण वाचक येत नाहीत, मुलांना मराठी वाचता येत नाही, नव्या पिढीला पुस्तकांची आवड नाही, अशी खंत आपण वरचेवर ऐकतो आणि व्यक्तही करतो. ही खंत खरी आहे. परंतु हजेरीपटाच्या समासातील त्या शेऱ्याशी तिचे नाते किती जवळचे आहे, हे ज्याने त्याने पाहावे. बोर्डीत रिकाम्या बालवाडीपुढे उभ्या राहिलेल्या अनुताईंनी मुलांना बोल लावला नाही. त्यांनी बादली, साबण आणि चिंचोक्यांची पिशवी उचलली आणि त्या वस्तीच्या वाटेने चालू लागल्या. दुसऱ्या शतकात पाऊल टाकणाऱ्या आपल्या संस्थेला ती वाट माहीत असावी, म्हणून हे स्मरण.